चेंडूकडे बघ, तिलेक

तिलेकचा एक फोटो धड येईल तर शपथ. बाकीची पोरं जीव खाऊन चेंडूमागे धावायची आणि हा पठ्ठ्या धावता धावता मान वळवून थेट कॅमेऱ्यात बघायचा. पाय एकीकडे, तोंड भलतीकडेच. सामने संपल्यावर फोटो काढणारी बुरुल ते निवडायला बसायची आणि दर शनिवारी त्याच्यापायी कपाळावर हात मारून घ्यायची.

"अरे, माझ्या तोंडाला काय सोनं लागलंय?" ती रेषेबाहेरून ओरडायची. "चेंडूकडे बघ, तिलेक."

"तुमच्याकडे कोण बघतंय, एजे? मी बाबांकडे बघतोय."

कोचकोर गावची सगळी पोरं तिला एजे, म्हणजे ताई म्हणायची. तशी ती त्यांच्या आयांपेक्षाही मोठी होती, पण मावशी म्हटलेलं तिला खपायचं नाही. बाजारात तिचं पासपोर्टच्या फोटोंचं दुकान होतं. अर्धं गाव तिच्यासमोर त्या स्टुलावर ताठ बसून, न हसता फोटो काढून रशियात कामाला गेलं होतं. तिलेकचा बाप, सामात, तसाच गेला आणि दोन वर्षांनी आईही त्याच्यामागे कामाला गेली; पोरगं आजीपाशी राहिलं. ज्यांना आपण फोटो काढून वाटेला लावलं, त्यांना त्यांची पोरं दाखवायचं कामही आपल्याच गळ्यात पडलं, असं ती कुरकुरत म्हणायची. कुरकुर खोटी होती. एक शनिवार चुकला तरी तिला करमायचं नाही.

फोटो पाठवले की सामातचा उलट निरोप ठरलेला. येकातेरिनबुर्गच्या कुठल्यातरी अर्धवट इमारतीवरून, वाऱ्याच्या आवाजातून तो बोलायचा, "एजे, हा चेंडू सोडून इकडे काय बघतो? कान उपटा त्याचे." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणायचा, "पण मला तेवढे तेच पाठवत जा. बघतो ते." म्हणजे दुसरी कुणी बाई फेकून देईल ते फोटो हिने जपून ठेवायचे. ती ठेवायची.

त्या शनिवारी थंडी चांगलीच पडली होती. शेजारच्या गावाशी सामना होता. मैदानात शिरलेल्या गाई हाकलून झाल्या होत्या आणि प्रशिक्षक उलान शिट्टी शोधत खिसे चाचपत होता. बुरुल कॅमेऱ्याची काच पुसत होती, तेवढ्यात सामातचा धाकटा भाऊ जोलदोश तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"एजे, तोंड मैदानाकडेच ठेवा," तो हळू आवाजात म्हणाला. "पोरगं बघतंय. सामात गेला. काल इमारतीच्या परांचीवरून पडला. वहिनी त्याला घेऊन निघालीय."

बुरुलच्या हातून काच पुसायचं फडकं पडलं. कॅमेरा गळ्यात होता म्हणून पडला नाही.

"त्याला सांगितलं?"

"आपण कोण सांगणार? म्हातारी मंडळी जमली की रीतीनं सांगतील. कासिम आजोबांना वरच्या कुरणावरून आणायला गाडी गेलीय. अंगणात मयतासाठी तंबूही उभा राहायचाय. तोवर ह्याला घरी येऊ द्यायचं नाही. उलानला मी सांगितलंय, पूर्ण सामना खेळव म्हणून. आणि तुम्ही रोजच्यासारख्या राहा. तुमचं तोंड तो सगळ्यात जास्त बघतो."

रोजच्यासारखं राहायचं म्हणजे काय करायचं, हे तिला एकाएकी आठवेना. ती ओरडते, टोमणे मारते, हे तिला ठाऊक होतं. तिने ओरडून पाहिलं. आवाज निघाला तो दुसऱ्याच कुणाचा. मग तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली काढलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या यंत्राचा असा उपयोग झाला. त्याच्याआड माणसाला रडता येतं.

तिलेक त्या दिवशी बहारदार खेळत होता. आणि मेला दर धावेला तिच्याकडे बघत होता. ती एकामागून एक फोटो काढत राहिली. पोराचं हसरं तोंड काचेतून तिच्या अंगावर यायचं.

मध्यंतरात पोरं रेषेपाशी चहा प्यायला बसली. त्याच वेळी रस्त्यावरून एक ट्रक गेला. मागे तंबूच्या जाळीदार भिंती, लोकरीच्या नमद्याच्या गुंडाळ्या आणि सगळ्यांत वर तंबूच्या माथ्याचं मोठं लाल कडं बांधलं होतं. ट्रक तिलेकच्या गल्लीकडे वळला.

"आयला, आमच्याच गल्लीत," तिलेक तोंडातला पाव चघळत म्हणाला. "कुणाचं लग्न काढलं? काका, आज मटण आहे वाटतं."

"असेल," जोलदोश म्हणाला. "चहा पी तू."

"आजीनं मला सांगितलंच नाही. म्हातारीच्या पोटात काही राहत नाही एरवी."

पोरं हसली. जोलदोशही हसला, आणि ते हसू बघून बुरुलला वाटलं, हा माणूस आता इथंच कोसळणार. उलानने घाईघाईने शिट्टी फुंकली. मध्यंतर संपायला अजून वेळ होता.

सामना संपत आला असताना तिलेकने गोल केला. डाव्या पायाने, लांबून, गोलरक्षकाच्या डोक्यावरून. पोरं त्याच्या अंगावर पडायला आली तर तो त्यांना चुकवून सरळ बुरुलपुढे येऊन उभा राहिला आणि काचेत बघून म्हणाला, "बाबा, हा तुमचा." तिने बटण दाबलं. बोटांना सवय होती म्हणून दाबलं गेलं.

शेवटची शिट्टी झाली आणि तो पुन्हा धावत आला. "एजे, तो पाठवा. आत्ताच पाठवा. बाबांची जेवायची सुट्टी असेल."

"घरी जाऊन पाठवते."

"कधी नव्हे ते घरी जाऊन का? एरवी तर तुम्ही इथूनच पाठवता."

ते खरं होतं. दर शनिवारी ती इथेच, रेषेवर उकिडवी बसून फोटो फोनवर घ्यायची आणि पाठवायची. आज नाही म्हटलं तर पोराला शंका येणार, म्हातारी मंडळी जमायच्या आत सगळं फुटणार, आणि त्याचा बोल तिच्यावर येणार. तिने जोलदोशकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. तिलेक तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. तिने सामातच्या नावावर बोट ठेवलं आणि फोटो पाठवला. कुणी उघडणारच नाही, असं तिने मनाला समजावलं.

आधी एक खूण उमटली. मग दुसरी. आणि दोघं बघत असतानाच त्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

"बघितला," तिलेक म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि समाधानाने बुटांची नाडी सोडायला बसला.

जोलदोशने त्याला घरी न नेता शेजारच्या घरी नेलं. तिलेकने बुरुलचीही बाही धरली होती, आजीला कॅमेऱ्यातला गोल दाखवायचा म्हणून. आत पाच-सहा म्हातारे भिंतीकडेला बसले होते. कासिम आजोबांनी त्याला जवळ बसवून घेतलं. ते घोड्यांविषयी बोलले, यंदाच्या गवताविषयी बोलले, तिलेकच्या पणजोबांविषयी बोलले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, तुझ्या वडिलांनी लांबचा रस्ता धरला. तिथून कुणी परत येत नाही. तू आता घरातला मोठा."

तिलेक घाबरला नाही. त्याने आजोबांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय," तो समजुतीने म्हणाला. "बाबांनी आत्ता माझा गोल बघितला. एजेंना विचारा. त्यांच्यासमोर बघितला."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बायकांनी अशा वेळी तोंडातून ब्र काढायचा नाही, ही रीत तिला चांगली ठाऊक होती. पण म्हाताऱ्यांपैकी कुणालाच पुढे काय बोलावं ते सुचेना. पोरगं तिच्याकडे बघत होतं, नेहमीसारखं, सरळ. फक्त मध्ये काच नव्हती.

"फोन आईकडे आहे, बाळा," ती म्हणाली. "आईनं बघितला. बाबा कालच गेले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सामना सुरू व्हायच्या आधीपासून."

"मग पाठवला कशाला?"

 

जोलदोशने त्याच्या कमरेला, खेळाच्या शर्टावरूनच, सुतकाचा पट्टा बांधला आणि त्याला अंगणात नेलं. तंबूच्या दाराबाहेर पुरुषांच्या रांगेत तो उभा राहिला. बापाला मोठ्याने हाक मारून रडायचं असतं, ते त्याला येईना. काकाने दंडाला धरून हलवल्यावर एकदाच आवाज फुटला. बुरुलने तो कुंपणाबाहेर ऐकला.

दुसऱ्या दिवशी शवपेटी आली. तिलेकच्या आईने बुरुलला दोष दिला नाही. उलट तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "मी विमानतळावर पेटीजवळ बसले होते. त्यांच्या फोनवर निरोप आल्याचा आवाज झाला. माझ्या हातून उघडला गेला." असं दोष न दिलेलं जास्त लागतं.

हिवाळाभर तिलेक मैदानावर फिरकला नाही. वसंतात आला, उंच होऊन आला. खेळ सुधारला होता. उलान खूश होता. "आत्ता कुठे शिकला बघा," तो बुरुलला म्हणाला. "नजर हलत नाही चेंडूवरून."

त्या शनिवारी ती फोटो निवडायला बसली. सगळे स्वच्छ, सगळे वर्तमानपत्रात छापावेत असे. तिलेकचा एकही वाया गेला नव्हता. तिने ते दोनदा पाहिले आणि फोन बाजूला ठेवून दिला.

पुढच्या सामन्यात तो तिच्या अगदी समोरून, रेषेला घासून चेंडू घेऊन चालला होता. तिला राहवलं नाही.

"तिलेक," तिने हाक मारली. "इकडे बघ ना रे, एकदा."

त्याने ऐकलं होतं. त्याचे कान लाल झाले. त्याने चेंडू पुढे ढकलला आणि खाली मान घालून तिच्यासमोरून निघून गेला.