हिरव्या भुशाखालची पाच दुकाने

मित्रांनो, तुमच्या वर्गात दोन बाके जोडून मला ठेवले आहे आणि गेले आठ दिवस तुम्ही माझ्याभोवती घोळका करता आहात. मी एक जुनी प्रतिकृती आहे. तलावाकाठच्या एका उपनगराचे लहानसे रूप. खरे उपनगर एक किलोमीटर लांब आहे आणि मी फक्त दोन मीटर.

मला घडवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा. ती आईबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहायची. माझा जन्म त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. प्लायवूडचा पाट, पुठ्ठ्याची घरे, तारेला स्पंज चिकटवून केलेली झाडे आणि निळ्या रंगावर काच बसवून केलेला तलाव. आई रोज कुरकुरायची, "अगं, आज तरी तो तलाव उचल. ताटं काय डोक्यावर मांडू?" मग दोघी मांडीवर ताटे घेऊन जेवायच्या आणि आईच हळूच विचारायची, "आपलं घर केलंस का गं?"

मला करून घेणारे होते नियोजन अधिकारी. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते याच उपनगरात लहानाचे मोठे झाले होते आणि त्यांच्या वडिलांनी इथल्याच दोरखंडाच्या गिरणीत जन्म काढला होता. गिरणी बंद पडली आणि उपनगराची रया गेली. दुकानांना फळ्या लागल्या, तरुण माणसे कामासाठी लांब गेली. साहेबांनी मनावर घेतले. तलावाकाठी भिंत बांधायची, तिच्यावरून फिरायला रस्ता, एक हॉटेल, नव्या दुकानांची रांग. माणसे येतील, काम येईल. हे सगळे लोकांना आधी डोळ्यांनी दिसावे, म्हणून मी.

ताई तीन आठवडे टेप घेऊन पायी हिंडली. दक्षिण काठावर तिला पाच पत्र्याची दुकाने दिसली. नावा दुरुस्त करणारा, इस्त्रीवाली, सायकलवाला, जाळी विणणारे दोघे भाऊ आणि एक कुलपे दुरुस्त करणारा. तिने पाचही मोजून वहीत लिहिली. पण साहेबांच्या नकाशात त्या जागी नुसता हिरवा पट्टा होता. तिने फोन केला.

"साहेब, इथं तर दुकानं आहेत."

"त्यांच्याकडे कागद नाहीत, ताई. नकाशात नाहीत, म्हणजे आपल्या लेखी नाहीत. हिरवं करून टाका."

ताईने वही मिटली. मग तिने त्या जागी डिंक लावला आणि हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला लाकडाचा भुसा पसरला. मला काही दुखले नाही, मित्रांनो. उलट मऊ मऊ वाटले. आज त्याची लाज वाटते.

नगरपालिकेच्या सभागृहात मला मांडले तेव्हा काय कौतुक झाले माझे! लोक वाकवाकून आपापली घरे शोधत होते. साहेब सगळ्यांना हॉटेल दाखवत होते. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, हातांना डांबराचा वास. हे नाववाले काका. त्यांनी हॉटेलकडे पाहिलेच नाही. बोट न टेकवता ते काठाकाठाने सरकत गेले आणि हिरव्या पट्ट्यावर थांबले.

"साहेब, माझं दुकान कुठंय?"

"काका, तिथं बाग होणार आहे."

"बरं. आणि मी?"

"तुमची सोय बघू," एवढेच साहेब म्हणाले. काकांनी खिशातून मोजपट्टी काढली, माझ्यावर दोन-तीन ठिकाणी धरली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सभागृह उघडताच ते हजर झाले. मुठीत लाकडाचे एक खेळण्यापेक्षाही छोटे दुकान होते, माझ्या मापाला केसभरही न चुकलेले. दारापासून एक उतार निघून थेट पाण्यापर्यंत जात होता. काकांनी ते भुशावर नेमक्या जागी ठेवले. त्यांच्यामागे इस्त्रीवाली होती. तिने काडेपेटी आणली होती. मग सायकलवाला छोटा डबा घेऊन आला, जाळीवाले भाऊ आले, कुलपवाला आला. बघता बघता माझा हिरवा पट्टा डब्यांनी आणि पेट्यांनी भरून गेला.

साहेब चिडले. "हे काय चाललंय? ही काडेपेटी माझ्या नकाशावर पंचवीस मीटर लांब होते! एवढं मोठं इस्त्रीचं दुकान असतं का कुठं?"

"मग द्या की तेवढं," इस्त्रीवाली म्हणाली, "मी कुठं नको म्हणते?"

सगळे सभागृह हसले. साहेबांनाही हसू आले, पण ते त्यांनी गिळले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी हॉटेलसमोर काचेवर मांडलेल्या इवल्याशा नावा दाखवल्या.

"या नावा सुंदर आहेत, साहेब. पण नाव म्हटली की ती गळायचीच. काठाला सगळीकडे भिंत बांधल्यावर ती पाण्याबाहेर कुठून काढणार? अख्ख्या तलावाला हा एकच उतार आहे. माझ्या आजोबांनी दगड टाकून केलाय."

साहेब वाकून तो उतार बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यात उभी असलेली ताई पुढे आली. तिच्या हातात पातळ सुरी होती.

"मी मोजायला गेले होते, साहेब. हे सगळं तिथं आहे. मला दिसलं होतं आणि तरी मी झाकलं." असे म्हणून तिने सगळ्यांसमोर हिरवा भुसा खरवडून काढला आणि पाचही जागा वहीतल्या मापाने आखून दिल्या.

पुढे ताईला साहेबांच्या कचेरीतून दोन वर्षे काम मिळाले नाही. ती लग्नाच्या पेट्या आणि पाट्या रंगवत राहिली. पण साहेबांनी तो नकाशा मंजुरीला पाठवला नाही. ते आठ महिने रोज सकाळी दक्षिण काठावर जाऊन उभे राहत. शेवटी भिंतीत उतारापुरती जागा सोडली, फिरायचा रस्ता दुकानांमागून वळवला आणि बाग अर्धी झाली. चार दुकानांना कागद मिळाले. सायकलवाल्याची जागा मात्र रस्त्यात गेली. त्याने बरीच धावाधाव केली, पण व्यर्थ. तो बायकोमुलांसह दुसऱ्या गावी निघून गेला. जाण्याआधी तो सभागृहात आला होता. मला वाटले, रागाने माझ्यावर हात मारील. त्याने फक्त आपला डबा उचलून खिशात घातला.

हॉटेल झाले. त्याच्या नावा गळू लागल्या आणि काकांना उसंत मिळेना. काका गेल्यावर त्यांची मुलगी तेच काम करते आहे, आणि आता तिच्या हाताखाली चार माणसे आहेत.

मग संगणकावर चित्रे आली आणि मला कचेरीच्या जिन्याखाली ढकलले. ओल लागून माझे दोन रस्ते फुगले. उंदरांनी गिरणी कुरतडली. सतरा वर्षे मी अंधारात होते. भंगारात निघाले होते, तेव्हा तुमच्या भूगोलाच्या बाई काही कामासाठी कचेरीत आल्या आणि मला टेंपोत घालून इथे घेऊन आल्या.

मित्रांनो, माझ्यावर कोपर टेकू नका. काच एका कोपऱ्यात तडकली आहे. आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसलेत तरी मला पुष्कळ. आणि मोठेपणी तुमच्या हाती कुठला नकाशा आला, तर त्यावर पेन टेकण्याआधी पायी जाऊन या. कागदावर जागा रिकामी दिसली म्हणून ती रिकामी असते असे नाही.

बाईंनी तुम्हाला अभ्यास दिला होता, की माझ्यावर जे नाही ते शोधून आणा. काल तुमच्यापैकी एकीने सांगितले, "उत्तर काठावर एक आजी रोज सकाळी बायकांना पोहायला शिकवतात." लगेच तुमचे भांडण जुंपले. आजींचे दुकान नाही, छप्पर नाही, साधी पाटीही नाही. मग त्यांना दाखवायचे कसे? कुणी म्हणाले टाचणी टोचू, कुणी म्हणाले काचेवर ठिपका देऊ.

बाई म्हणाल्या, "आपण कोण ठरवणार? उद्या सगळे जाऊ आणि आजींनाच विचारू."

आज सकाळी तुम्ही रांगेने गेलात तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मी खिडकीच्या उजेडात पडून होते आणि आजी काय सांगतील याचा अंदाज बांधत होते. आता जिन्यावर तुमचे पाय वाजताहेत. या, लवकर सांगा.