शेजारी बसण्याची विद्या

दर गुरुवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेब लोकांची दुःखं ऐकायला बसत. ऐकायला हं, सांगायला नाही. सांगणारे पाळक पुष्कळ असतात. दोन वाक्यं ऐकली न ऐकली की एखादं वचन काढून हातावर ठेवतात आणि माणसाला वाटेला लावतात. आपले पाळकसाहेब तसले नव्हते. खोलीत दोन खुर्च्या होत्या, समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या, म्हणजे रडणाऱ्याला तोंड फिरवायला जागा राहावी. टेबल भिंतीला लोटलेलं. कागदी रुमालांचा डबा हाताशी, पण नाकासमोर नाही. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, कारण ऐकणाऱ्याने मनगटाकडे बघितलं की बोलणारा आटपतं घेतो. प्रत्येक गोष्टीमागे विचार होता. इतर चर्चमधले तरुण पाळक ती खोली मुद्दाम बघायला येत आणि पाळकसाहेब त्यांना खुर्चीचा कोनसुद्धा समजावून सांगत, सुताराने सांगावा तसा.

त्यांची शिकवणही साधी होती. दुःखी माणसाला देवाबद्दल माहिती नको असते, असं ते म्हणत. देवाने वर बसून धीराचे निरोप धाडले नाहीत. तो खाली आला, माणूस झाला, रडला, मेला. तेव्हा पाळकानेही उत्तरं द्यायच्या भानगडीत पडू नये. खाली यावं आणि शेजारी बसावं. ‘आपण बसलो की तोही बसलेला असतो,’ हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज किंचित भरून यायचा आणि तरुण पाळकांना वाटायचं, हा माणूस हे जगलाय.

किती जगलाय ते त्यांच्या बायकोला विचारायला हवं होतं. पण पाळकाच्या बायकोला लोक फक्त पुढच्या कार्यक्रमाला चहा किती जणांचा ते विचारतात.

तर त्या गुरुवारी पाळकसाहेबांनी रिटायर्ड पोस्टमास्तरांना दारापर्यंत पोचवलं. हे पोस्टमास्तर बायको गेल्याच्या दुःखासाठी यायचे आणि तासभर सुनेच्या स्वयंपाकाबद्दल बोलून हलके होऊन जायचे. पाळकसाहेब हसतच वळले, आणि बाहेरच्या बाकावर त्यांना आपली बायको दिसली. बाहेर जायचे कपडे, मांडीवर पर्स, पाय जुळवून बसलेली. त्यांचं घर चर्चला लागूनच होतं. स्वयंपाकघरातून हाक मारली तर या खोलीत ऐकू येई.

“काय गं? काय झालं?”

“काही नाही. माझा नंबर आलाय,” ती म्हणाली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला गल्लीतली शिंपीण बसली होती. तिने लगेच कान टवकारले. आता तिच्यासमोर काय वाद घालणार? पाळकसाहेब सवयीने म्हणाले, “या.” स्वतःच्या बायकोला ‘या’ म्हटलं, हे त्यांच्या दार लावताना लक्षात आलं.

ती खुर्चीवर बसली, मान वळवून मागे बघितलं. “अच्छा, घड्याळ इथे लावलंय होय.”

“आपण घरी बोलू ना,” ते हळूच म्हणाले.

“घरी तुम्ही असता कुठे? आणि असता तेव्हा दमलेले असता. इथे म्हणे तासभर माणसाला कोणी उठवत नाही.” मग पर्स बाजूला ठेवून ती सरळ म्हणाली, “ताई बोलावतेय. कायमची ये म्हणते. राहायचं की जायचं ते मला ठरवायचंय.”

नवऱ्याने ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं. पण त्या खुर्चीत नवरा बसलाच नव्हता. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने मान थोडी कलती केली आणि म्हटलं, “हे ठरवणं फार जड जात असेल.”

ती जराशी हसली. मग बोलायला लागली.

त्यांची एकुलती एक लेक गेल्या हिवाळ्यात रक्ताच्या आजाराने गेली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. दोघंही मूग गिळून बसले होते. ती समोरच्याला जपत होती म्हणून, आणि हे… ह्यांचं पुढे येईलच. आता ती एकेक काढत गेली. दवाखान्यात लेकीला थंडी वाजायची म्हणून तिचे पाय आपल्या पोटाशी धरून बसायची ते. तिची उशी अजून धुतली नाही ते. आणि प्रार्थनेचं. “हात जोडते, डोळे मिटते. पलीकडे कोणी नसतं हो. फोन कानाला लावावा आणि साधी रिंगसुद्धा जाऊ नये, तसं.” पाळकाच्या बायकोने हे बोलायचं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. बोलून झाल्यावर तिने दाराकडे बघितलं.

पाळकसाहेबांनी उत्तम ऐकलं. मध्ये तोंड घातलं नाही, देवाची बाजू घेतली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंही वाटलं. वर्षभरात ती एवढं बोलली नव्हती. आपली विद्या आपल्या घराच्या उपयोगी पडतेय, या समाधानात ते घरी गेले. तिने ताट वाढलं, त्यांनी जेवण छान झाल्याचं सांगितलं, आणि झोपेपर्यंत दोघं नळाच्या गळतीबद्दल बोलले. नियमच होता तसा. खोलीत बोललेलं बाहेर पाळकाने काढायचं नाही, त्या माणसाने स्वतः काढलं तरच. नियम चांगला आहे. भित्र्या माणसाला तर फारच सोयीचा.

पुढच्या गुरुवारीही ती आली. त्याच्या पुढच्याही. पाळकसाहेब गुरुवारची वाट बघायला लागले. ती जाईल ही भीती दिवसभर पाठीला लागलेली असायची, पण खोलीचं दार लागलं की त्यांना वाटायचं, बोलतेय ना, मग जाणार नाही. माणूस बोलत राहिला की थांबतो, असा त्यांचा अनुभव होता. लोकांचा अनुभव हं. बायकोचा अनुभव म्हणून त्यांच्याकडे काही शिल्लक नव्हतं.

त्या तिसऱ्या खेपेला ती बसली आणि पर्स बाजूला ठेवली.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही खाली का नाही आलात?”

कोणत्या दिवशी ते सांगायची गरज नव्हती. लेकीच्या अंत्यविधीच्या दिवशी नदीपलीकडच्या चर्चचे पाळक, ह्यांचे जुने मित्र, सकाळीच येऊन म्हणाले होते, “मी चालवतो सगळं. आज तू बाप आहेस, तू फक्त बस.” ह्यांनी ऐकलं नव्हतं. पांढरा झगा घालून स्वतः वेदीपाशी उभे राहिले, स्वतः प्रार्थना केली, स्वतः उपदेश केला. आवाज कुठे कापला नाही. पुढे कित्येक महिने लोक भेटले की म्हणत, काय धीर पाळकसाहेबांचा! आणि खाली पहिल्या बाकावर लेकीची आई एकटी बसली होती. तिच्या शेजारची जागा लोकांनी पाळकसाहेबांसाठी मोकळी सोडली होती, त्यामुळे तिथे दुसरं कोणीही बसलं नाही.

“तुम्ही सगळ्यांना सांगता, देव खाली आला,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी पहिल्याच बाकावर होते. मध्ये तीन पायऱ्या होत्या हो. मी पूर्ण वेळ तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, आता येतील. ही प्रार्थना झाली की येतील. मग पेटी उचलली.”

पाळकसाहेबांना उत्तर माहीत होतं. नीट, अक्षरशः माहीत होतं. ते खाली आले असते, तिने हात हातात घेतला असता, तर ते धाय मोकलून रडले असते आणि भर चर्चमध्ये ओरडले असते की हे सगळं खोटं आहे, मी आठ महिने दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून भिंतीशी बोललो. लेक गेल्यापासून त्यांनी एक प्रार्थना केली नव्हती. चर्चमध्ये जे म्हणत ते पाठ होतं. झगा अंगावर होता म्हणून ते उभे होते, आणि खाली आले असते तर परत वर चढले नसते. एवढंच उत्तर. ते तिचं होतं, तिच्याचसाठी होतं, आणि ते अगदी ओठावर आलं.

पण खोलीचा आणखी एक नियम होता. आपलं दुःख समोरच्याच्या मांडीवर ठेवायचं नाही. आणि माणूस घाबरला की त्याला जे सगळ्यात चांगलं जमतं तेच करतो. पाळकसाहेबांनी मान थोडी कलती केली.

“तुला काय वाटतं,” त्यांनी शांतपणे विचारलं, “का आलो नसेन मी?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मागच्या फळीवर वस्तू दिसत असताना दुकानदाराने नाही म्हणावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तशी. मग तिने पर्स उचलली.

“वेळ संपली का?”

आणि पाळकसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. खरोखर बघितलं! “नाही, अजून आहे की पुष्कळ.”

“राहू द्या. बाहेरच्या कोणाला तरी द्या.”

बाहेर शिंपीण होती. ती आत आली, बसली, नवऱ्याच्या दारूबद्दल सांगत राहिली. पाळकसाहेब योग्य ठिकाणी मान हलवत होते, पण त्यांच्या कानांत एक अक्षर शिरत नव्हतं. ‘का आलो नसेन मी.’ आपण हे आपल्या लेकीच्या आईला विचारलं, हे त्यांना हळूहळू कळत गेलं. शेवटी त्यांनी शिंपिणीचं वाक्य अर्ध्यावर तोडलं. जन्मात पहिल्यांदा. “माफ करा ताई, मला घरी जायला हवं,” म्हणाले आणि तिला तशीच बसलेली सोडून निघाले.

बायको जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घालून इस्त्री करत होती. रविवारचा झगा.

“मी सांगतो,” ते दारातूनच म्हणाले. “का नाही आलो ते.”

आणि सांगितलं. ततपप करत, मागचं पुढे, पुढचं मागे करत, पण सगळं सांगितलं. जिना, भिंत, पाठ केलेल्या प्रार्थना. सांगता सांगता रडायला लागले. दुसऱ्यांचं रडणं वर्षानुवर्षं पाहिलेला हा माणूस, पण स्वतः रडताना तोंडाचं काय करायचं ते त्यांना कळेना. नाक बाहीला पुसलं. “तुझ्यासारखंच झालंय माझं,” ते म्हणाले. “तुझ्याही आधीपासून. मलाही पलीकडे कोणी सापडत नाही.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. जवळ आली नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“प्रार्थनेचं. एका खोलीत झोपतो आपण. आधी दिवा मालवल्यावर तुम्ही किती वेळ पुटपुटायचात. ते बंद झालं ते मला कळणार नाही?”

“मग विचारलंस कशाला?”

“कळावं म्हणून नव्हतं विचारलं.” ती झग्याची बाही सरळ करत राहिली. “आपण दोघं एकाच खड्ड्यात आहोत हे तुम्ही मला सांगता का, तेवढं बघायचं होतं. बाकी काही नको होतं मला. देव नसता तरी राहिले असते हो मी.”

“आता सांगतोय ना! आता सांगितलं ना सगळं!”

“हो, आता सांगितलंत. मी उठून आल्यावर.” तिचेही डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. “ताईला फोन केला मी मघाशी. शनिवारी येते म्हटलं.”

पाळकसाहेबांनी खुर्ची ओढली आणि तिच्याकडे सरकवली. “बस ना जरा. काही बोलू नकोस. नुसती बस माझ्याजवळ.”

तिने खुर्चीकडे बघितलं. खरंच विचार केला तिने, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलासुद्धा.

“नाही जमत,” ती म्हणाली. “खोटं नाही बोलत, खरंच नाही हो जमत आता.”

तिने झगा हँगरला लावला, चादरीची घडी केली आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. पाळकसाहेब रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिले. आयुष्यभर ज्याला सांगायचं तो देव आता ऐकत नव्हता, आणि जी ऐकत आली होती ती आत कपडे भरत होती.