कडुलिंबाला टांगलेला रूळ

मित्रांनो, मी आगगाडीच्या एका जुन्या रुळाचा तुकडा आहे. माझा जन्म विलायतेतल्या भट्टीतला. जहाजातून इकडे आलो आणि मावळातल्या लोहमार्गावर ठोकला गेलो. माझ्यावरून इथला कापूस बंदराकडे जाई आणि त्याचंच कापड महाग होऊन परत येई. लढाई लागली की इथली तरणी पोरं गाड्या भरभरून जात. लढाई साहेबाची, मरणारे आपले! आणि मी निमूट पाठ देऊन पडलेला.

तळवड्याचे चिमाजी त्या मार्गावर गँगमन होते. बेचाळीस साली त्यांनी गावच्या पोरांना घेऊन मला उखडलं आणि नाल्यात ढकललं. मी मोडलो. माझा एक तुकडा त्यांनी विहिरीत दडवला. पोलिसांनी त्यांची पाठ फोडून काढली, पण विहीर कुठली ते त्यांनी सांगितलं नाही.

स्वातंत्र्याच्या सकाळी त्यांनी मला वर काढलं, आपल्या शेतातल्या कडुलिंबाला टांगलं आणि हातोड्याचा ठोका दिला. काय घुमलो मी त्या दिवशी! पुढे झाडाशेजारी शाळा भरली आणि मी तिची घंटा झालो. दर पंधरा ऑगस्टला झेंड्याआधी चिमाजींच्या घरचा ठोका पडायचा. त्यांच्यामागे तो मान त्यांच्या लेकीने, इंद्रायणीबाईंनी सांभाळला.

मग कंपन्या आल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला. शाळा नव्या इमारतीत गेली, तिथे विजेची घंटा. इंद्रायणीबाईंच्या भाच्याने, अजिंक्यने, शेत बिल्डरला दिलं. गावच्या रीतीप्रमाणे म्हसोबाची जागा तेवढी राखली. कडुलिंब राखायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. म्हसोबा कोपतो ना, मी कुठे कोपतो?

झाड पडलं आणि मी रहिमानच्या भंगारात आलो. आज पंधरा ऑगस्ट. सकाळीच इंद्रायणीबाई हातोडा घेऊन आल्या.

"आत्या, घेऊन जावा याला," रहिमान म्हणाला. "मीबी याच्याच ठोक्यावर शाळंत गेलोय."

"न्हिऊन टांगू कुठं, बाबा? चौथ्या मजल्यावर ऱ्हाते मी. सोसायटीवाले म्हंत्यात, आवाज चालायचा न्हाई."

"मग हितंच मारा एक."

बाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ठोका घातला. पण मित्रांनो, रूळ टांगलेला असेल तरच वाजतो. मी भंगाराच्या ढिगावर आडवा पडलो होतो. नुसतं 'खट्ट' झालं.

"आबा, मुका झाला वं ह्यो," त्या आपल्या गेलेल्या वडिलांना म्हणाल्या आणि रडू लागल्या. रहिमानने त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. हातोडा माझ्याशेजारी ठेवून निघून गेल्या.

उद्या चाकणहून ट्रक येईल. मी पुन्हा भट्टीत जाईन. परक्यांच्या ओझ्याखालून चिमाजींनी मला सोडवलं होतं. आता सोडवायला कोण येणार? तुम्ही जागा विकाल तेव्हा देवाची राखा, जरूर राखा. पण जाताजाता एकदा विचारा, इथे आणखी काही टांगलेलं होतं का?