सीरियलमध्ये आजची तारीख

ऐक ना भिया, आधी बस ऐक. मध्ये टोकू नको, मग तुला जे म्हणायचं ते म्हण.

आपली धम्मदीना आहे ना, अन्नपूर्णा मंदिराच्या मागे राहते ती, वेबसाइटवाल्या ऑफिसात आहे बघ. त्या जागेवर आधी तिचा मोठा भाऊ होता, ज्ञानदीप. महूच्या रोडवर त्याचा अ‍ॅक्सिडेंट झाला, गेला, त्याला आता अडीच वर्षं झाली. मग त्यांच्या बॉसने, विक्रम भियाने, हिला बोलावून घेतलं. काम तेच, खुर्ची पण तीच.

तर त्या शुक्रवारी जेवणानंतर विक्रम भिया तिच्या टेबलाशी आला. म्हणे, "धम्मा, कोपऱ्यातली जुनी मशीन आज पाच वाजता बंद करतोय. शेवटचं एकदा चेक कर आणि मला क्लिअर सांग."

ती मशीन मतलब नेम सर्व्हर. तू मोबाइलमध्ये साइटचं नाव टाकतो, तर ते नाव कुठल्या पत्त्यावर राहतं हे ती सांगते. बस, दिवसभर तेवढंच काम. आणि कस्टमरांची सगळी नावं दिवाळीच्या आधीच नव्या मशीनवर गेली होती.

"भिया, लिस्टमधली सगळी गेलीत," धम्मदीना म्हणाली.

"लिस्टला नको विचारू. लिस्ट माणसं बनवतात. मशीनला विचार."

विचारलं. तर एक नाव निघालंच. तिच्या आजोबांचं! कचरू आजोबा महूला फौजेत होते, त्यांचे जुने फोटो ज्ञानदीपने साइटवर टाकले होते. घरचं काम, म्हणून पठ्ठ्याने लिस्टमध्ये लिहिलंच नव्हतं. फोटो आईच्या मोबाइलमध्ये पण होते, त्याचं टेन्शन नव्हतं. तिने काळ्या स्क्रीनवर डिगची कमांड मारली, मशीनला नाव विचारायची असते ती, पुढे आजोबांच्या साइटचं नाव, एंटर.

आता हे नीट समजून घे, पूर्ण किस्सा इथेच आहे. प्रत्येक नावाच्या फाइलमध्ये एक नंबर असतो, सीरियल. फाइल बदलली की तो वाढवायचा. ज्ञानदीप त्यात तारीख टाकायचा. आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि मागे त्या दिवसाचा कितवा बदल ते. धम्मदीनाला त्यानेच शिकवलं होतं, डोक्यात टपली मारून मारून.

स्क्रीनवर आलं, २०२५१११४०१.

आजची तारीख. आजचा पहिला बदल. आणि मशीनचा पासवर्ड हिच्याशिवाय कुणाकडे नाही!

तिला वाटलं आपणच काही गडबड केली. फाइल उघडली. फाइलमध्ये २०२३०५१८०२. मतलब तो जायच्या चार दिवस आधीची तारीख. मशीनच्या पोटात एक आणि तोंडात दुसरंच. पुन्हा विचारलं, तर शेवटी ०२. पुन्हा विचारलं, ०३.

बाजूच्या टेबलावर श्रिया कचोरी खात होती. "काय गं, भूत बघितलं का?"

"हे बघ ना, नंबर आपोआप वाढतोय."

"हां गं, जुना डब्बा आहे तो. रिस्टार्ट मार."

मारला. ०४.

आता एक अजून गोष्ट. नावाला दोन शब्दांची चिठ्ठी पण जोडता येते, टेक्स्ट रेकॉर्ड म्हणतात. लोक त्यात कामाच्या गोष्टी ठेवतात, हा बहिणीला छळायला वापरायचा. ती कॉलेजात होती तेव्हा वाढदिवसाचं गिफ्ट कुठे लपवलंय ते चिठ्ठीत टाकायचा, म्हणायचा, कमांड मार आणि शोध. तर तिने चिठ्ठी मागितली. फाइलमध्ये चिठ्ठीची ओळच नव्हती, कसम से. तरी जवाब आला. इंग्रजी अक्षरांत, जसा तो लिहायचा.

"धम्मे, जेवली का?"

धम्मे तिला तो एकटाच म्हणायचा.

ऑफिसात सगळं रोजच्यासारखं चालू. पंखा फिरतोय, खाली रिक्षावाले भांडतायत, श्रिया बोटं चाटतेय. आणि ही पुन्हा पुन्हा चिठ्ठी मागतेय. जवाबाच्या बाजूला एक आकडा असतो, हा जवाब किती सेकंद खरा मानायचा त्याचा. मूळ मशीन विचारलं की दरवेळी तोच आकडा देते, फाइलमध्ये पूर्ण एक दिवसाचा होता. इथे आला ४२००. मग ४१८८. मग ४१७०. घड्याळात तीन पन्नास होऊन गेले होते. तिने हिशोब लावला. बरोबर पाच वाजता शून्य.

कमांडमध्ये नावाच्या आधी कुठलाही शब्द टाकून विचारता येतं. तसं नाव नसेल तर मशीन सरळ नाही म्हणते. हिने टाकलं, "कोण".

जवाब, "तूच सांग."

मग तासभर ती नुसता आकडाच विचारत राहिली. पाचला एक मिनिट होतं तेव्हा टाकलं, "बंद करू नको ना?"

जवाब आला, "कर. सगळे गेले. रात्रंदिवस एकटाच जवाब देतोय. थकलो."

तेवढ्यात दारात विक्रम भिया, हातात चाव्या. "हां धम्मा, क्लिअर?"

आता बघ, क्लिअर म्हटलं की तो वायर काढणार. एक नाव बाकी आहे म्हटलं तर मशीन अजून महिनाभर चालणार. आईला बोलवावं तर घर दहा मिनिटांवर आणि आकडा ५२. तो स्वतः बंद कर म्हणतोय. आणि ही? अडीच वर्षांनी कुणी धम्मे म्हटलं होतं तिला.

"भिया, एक बाकी आहे," ती म्हणाली.

"बरं, पंधरा डिसेंबरला बघू," म्हणून तो गेला पण.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या तिने पहिलं काम तेच केलं. सीरियलमध्ये सोमवारची तारीख. आणि चिठ्ठी एवढीच, "का ठेवलंस?" बाजूचा आकडा शून्य. शून्य मतलब, हा जवाब जवळ ठेवू नका, दरवेळी नव्याने विचारा. ती रोज विचारते, रोज तेच येतं. पोरगी वाळत चाललीय. आईला सांगितलेलं नाही, मलाच रडत रडत सांगितलं, आणि कमांड दाखवली पण, मी बघितलंय ते माझ्या डोळ्यांनी.

पंधराला विक्रम भिया पुन्हा दारात येऊन क्लिअर का विचारणार. तिने मला विचारलं, क्लिअर म्हणू का? तू सांग भिया, त्या खुर्चीवर तू असता, तर काय केलं असतं?