देवळीवरची तुळई

मी तुळई बोलतेय. घरात आलात की तुम्ही चूल बघता, दार बघता. मान वर करून माझ्याकडं कुणी बघत नाही. आज बघा, पाया पडते तुमच्या.

मी तेरणेकाठची बाभूळ. तोडल्यावर किडा लागू नये म्हणून मला नदीच्या डोहात बुडवून ठेवलं होतं. पण त्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि माझं एक टोक उघडंच राहिलं. नेमकं तेच टोक तेरमधल्या या घराच्या भिंतीत गेलं. त्याच्याखाली देवांसाठी कोनाडा केला, देवळी म्हणतात तिला. पाठीवर मातीचं सपाट छप्पर, माळवद, चढलं. दर पावसाळ्याआधी टेकाडावरची पांढरी माती आणून वर पसरायची आणि जुनी मात्र तशीच ठेवायची, ही इथली रीत! किती पिढ्यांची माती अंगावर घेतली, माझं मला ठाऊक.

निजामी अंमलाच्या शेवटच्या धामधुमीत मालक उत्तरेश्वरनं घर विकायला काढलं. बघायला आले वीरप्पा आणि पार्वतम्मा. नळदुर्गाकडचं त्यांचं घर जळालं होतं. पार्वतम्माची दोन लेकरं आधीच दगावलेली, तिसरं काखेत. त्याच्या डोक्यावर धड छप्पर हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

वीरप्पा तसा सावध माणूस. घर पारखायला त्यानं ज्ञानोबा सुताराला सोबत आणलं. ज्ञानोबानं भिंती ठोकल्या, चौकटी हलवल्या, मग शिडी लावून मला ठोकत ठोकत पुढं सरकला. वरून मी ठणठणीत दिसत होते, पण देवळीवरचं टोक भुंग्यांनी आतून पोखरलं होतं. तिथं पटाशी लावली असती तर मुठीपर्यंत आत गेली असती!

देवळीपाशी येऊन तो थबकला. "खाली देव हायत. त्येंच्या डोस्क्यावर पाय कसा देऊ?"

"बसलेलं देव उठवायचं नसत्यात," उत्तरेश्वर म्हणाला. "घर सोडतानाच उचलणार आमी."

वीरप्पानं हात जोडले. "ऱ्हाऊ द्या. देव बसल्यात तिथं कसलं भ्या?"

ज्ञानोबा खाली उतरला. "तुळई लई टणक हाय. घ्या डोळं झाकून."

बाबा रे, तूसुद्धा डोळे झाकूनच बघितलंस की!

उत्तरेश्वर आपले देव घेऊन गेला. देवळी रिकामी झाली. मला वाटलं, आता तरी कुणी शिडी लावेल. पण सुताराला परत कोण बोलावतंय? मी काकुळतीला आले. बोलता येत नाही, म्हणून देवळीत भुगा गाळला. पार्वतम्मानं तो पदरानं पुसला आणि तिथं आपली महादेवाची पिंड मांडली. माझ्या मधल्या कडीला पाळणा टांगला.

मी पुन्हा भुगा गाळला. पिंडीवर, भुरकट, पिठासारखा. पार्वतम्मा बघतच राहिली.

"अवो, इकडं या! म्या पुसते अन् परत पडतंया. महादेवानं आपणहून विभूती धाडली बघा!"

वीरप्पाचे डोळे भरून आले. तिनं तो भुगा बोटावर घेतला आणि पाळण्यातल्या लेकराच्या कपाळी लावला.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. आता मृग तोंडावर आलाय. वीरप्पा पांढऱ्या मातीच्या पाट्या माळवदावर ओततोय. प्रत्येक पाटीला मी करकरते, थोडा जास्त भुगा पडतो, आणि पार्वतम्मा जास्तच हरखते. मी जितकी ओरडते, तितकी ती हात जोडते. काय करू मी?

पार्वतम्मा, ती विभूती नव्हे गं. ती मीच आहे, झडतेय. लेकराला उचल आणि अंगणात जा. अजून मी धरून आहे, तोवर जा.