चेंडू मध्यावर ठेवल्याशिवाय गोल नाही

मी एक जुनी वेबसाइट आहे, मित्रांनो, आणि मला बोलायची भारी हौस आहे. एखाद्या सामन्याचा विषय निघाला की मला आवरणं कठीण. जगात जिथे जिथे बायका फुटबॉल खेळतात, तिथली खबर वाचकांपर्यंत पोहोचवायची, हे माझं काम.

मला घडवलं चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईनं. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. तिच्या आवडत्या मुलींच्या संघानं मोठा चषक जिंकला, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची एक ओळही नव्हती. त्याच पानावर एका पुरुष खेळाडूनं केस कसे कापले, यावर अर्धा रकाना होता. ताईचा पारा चढला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती मला घडवत बसे. माझा रंग तिनं रागाच्या भरात निवडला, म्हणून तो असा डोळ्यांत खुपणारा नारिंगी आहे.

हळूहळू माणसं जोडली गेली. दूरच्या बेटावरची एक शिक्षिका तिच्याकडच्या सामन्यांची हकिगत पाठवू लागली. बर्फाळ मुलखातला एक पोस्टमन फोटो पाठवू लागला, सगळे थोडे हललेले. आमच्या शहरातल्या सामन्यांना ताई स्वतः मैदानावर जाई आणि फोनवरून घरी सांगे. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून टाइप करत तिच्या सासूबाई. त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. बोलणाऱ्याला दम लागेल, पण त्यांची बोटं थकायची नाहीत. फुटबॉलमधलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

त्यामुळे पहिल्याच सामन्यात फजिती झाली. ताई "गोल" म्हणून ओरडली, सासूबाईंनी लिहून टाकलं आणि पंचांनी तो गोल रद्द केला. वाचकांनी आम्हाला धू धू धुतलं. कोर्टात शब्द न शब्द खरा लिहिलेल्या बाईला हे फार लागलं. त्यांनी सुनेकडून नीट समजून घेतलं, की गोल मान्य झाला की चेंडू मैदानाच्या मध्यावर ठेवून खेळ पुन्हा सुरू होतो.

"मग चेंडू मध्यावर ठेवला की मला सांगत जा," त्या म्हणाल्या. "त्याआधी मी गोल लिहायची नाही. तू घसा फोडलास तरी नाही."

मित्रांनो, तेव्हापासून माझ्यावर गोल जरा उशिरा लागे, पण कधी पुसावा लागला नाही. वाचकांना त्याचं कौतुक वाटे. एका खेळाडूनं कळवलं होतं, की तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते माझ्यावर. त्या दिवशी मी नुसती हवेत होते.

पुढे मोठ्या वाहिन्या बायकांचे सामने दाखवू लागल्या. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण माझ्याकडची वर्दळ आटली. वाचकांच्या जागी टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिराती येऊन बसल्या. ताईच्या मागेही दुकानाचा व्याप वाढला. अखेर तिनं माझ्या कपाळावर सूचना लावली, की महिनाअखेर ही वेबसाइट बंद होईल. मी फार हिरमुसले.

त्या सूचनेखाली एका माणसानं लिहिलं. तो मालवाहू जहाजावर आचारी होता. त्याची मुलगी आमच्याच शहरातल्या दुय्यम स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक म्हणून उभी राहणार होती. हा सामना कोणतीही वाहिनी दाखवणार नव्हती, आणि जहाजावरच्या नेटवर चित्रं उघडतच नसत, फक्त अक्षरं उघडत. "पोरीचा एकही सामना मला बघता आला नाही. दर वेळी मी समुद्रात," त्यानं लिहिलं होतं. "हा तेवढा तुमच्याकडे वाचायला मिळेल का?"

ताईनं सासूबाईंना ते वाचून दाखवलं. त्यांनी टेबलावरची भाजी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "तू मैदानावर जा. मी बसते."

काय सामना झाला म्हणून सांगू! समोरच्यांचा एक गोल, आपला, म्हणजे आचाऱ्याच्या लेकीच्या संघाचा, एक गोल, दोन्ही चेंडू मध्यावर ठेवल्यावर माझ्यावर उमटले. वेळ संपली तरी बरोबरी. मग पेनल्टीचे फटके सुरू झाले, आणि मी ठप्प झाले.

कारण पेनल्टीच्या फटक्यांत चेंडू मध्यावर ठेवून खेळ सुरू करत नाहीत. सासूबाईंनी आजवर एकही सामना पेनल्टीपर्यंत टाइप केला नव्हता. ताई फोनवर ओरडत होती आणि त्या कीबोर्डवर बोटं रोखून विचारत होत्या, "मध्यावर ठेवला का?" मैदानावरच्या गोंगाटात ताईला काही ऐकू जात नव्हतं. माझ्यावर एकच ओळ होती, 'पेनल्टी सुरू'. वाचक मला पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. मला हात असते तर मीच टाइप केलं असतं.

तेवढ्यात खाली आचाऱ्याचे शब्द उमटले. "काय झालं? काहीही असलं तरी लिहा हो."

सासूबाईंनी ते वाचलं. "नियम माझाच ना? मग मोडते मीच," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांची बोटं धावली. ऐकलेले सगळे फटके त्यांनी एका दमात लिहिले. आपली एका गोलनं आघाडी, त्यांचा शेवटचा फटका बाकी. पलीकडून ताईचा चिरका आवाज आला आणि सासूबाईंनी कोर्टाची सगळी शिस्त सोडून त्या माणसालाच लिहिलं, "अडवला. तुमच्या लेकीनं अडवला. जिंकलो आपण."

सासूबाई डोळ्यांना पदर लावून त्याच्या उत्तराची वाट बघत बसल्या. ताई मैदानावरून धावत घरी आली, तिनं चप्पलही न काढता आधी माझ्या कपाळावरची सूचना पुसली.

मित्रांनो, मोठे सामने दाखवायला जग आहे, ते तुम्ही खुशाल बघा. पण तुमच्या घराजवळच्या मैदानावर मुली खेळत असतील, तर जाऊन उभे राहा आणि जे दिसेल ते लिहा. चुकलं तर सुधारा, पण लिहायचं थांबू नका. ते कोण वाचत असेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, कारण शेवटी आचाऱ्याचं उत्तर आलं होतं.

"सगळ्या जहाजाचं जेवण करपलं. कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. सगळे माझ्या खांद्यावरून वाचत होते."