दुरुस्तीला टाकलेली रायफल

मर्विन टोफ्टेनं तीच रायफल दुसऱ्यांदा दुरुस्तीला आणली, तेव्हा वेर्ना लुंडक्विस्टच्या कपाळाला आठ्या पडल्या. उत्तर विस्कॉन्सिनमधलं वडिलांचं बंदुकांचं दुकान ती तीस वर्षं चालवत होती. तिनं दुरुस्त केलेली बंदूक परत आली, असं कधी घडलं नव्हतं.

"खटका अडकतो," मर्विन म्हणाला.

"अरे, मागच्या आठवड्यात सगळी उघडून पाहिली. काही झालेलं नाही तिला."

"बघ की पुन्हा एकदा."

मर्विन शाळेपासूनचा ओळखीचा, आणि बोलण्यात जन्माचा कंजूष. कसं काय विचारलं की "चाललंय" एवढंच. वसंतात बायको आर्लिस गेली, तेव्हा दफनानंतर चर्चच्या तळघरात भेटायला आलेल्या सगळ्यांना त्यानं हेच सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. खोदून विचारणं तिकडे असभ्यपणाचं समजतात.

रायफल ठणठणीत होती. वेर्नानं चार दिवसांत त्याला तीनदा फोन केला, उचलला नाही म्हणून निरोप ठेवला, "घेऊन जा बाबा तुझी." हरणाच्या शिकारीचा हंगाम आठवड्यावर आला होता आणि हा पठ्ठ्या बंदूक टाकून खुशाल बसला होता.

गुरुवारी आरोग्य खात्याची नर्स ओपल आली. चर्च, दवाखाना, दारूचा गुत्ता आणि हे दुकान, सगळ्यांना तिनं वर्षभरापूर्वी एका कामाला जुंपलं होतं. ज्याचं मन खचलंय, त्याच्या घरातली बंदूक काही दिवस बाहेर ठेवायची. वेर्ना तेव्हा फणकारली होती, "सरकारला आमच्या बंदुका हव्यात, असं सरळ सांग ना!" ओपल म्हणाली होती, "सरकारला नकोत. तुमच्या कपाटात राहू देत." काउंटीत गोळीनं मेलेले बहुतेक जण स्वतःच्याच हातानं गेले होते. त्यांतल्या दोघांनी बंदूक याच दुकानातून नेली होती. मग वेर्नानं मुकाट्यानं ओपलची पत्रकं काडतुसांशेजारी ठेवली आणि आपलं काम झालं असं मानलं.

"एकही पत्रक गेलं नाही," ती आता ओपलला म्हणाली. "आमची माणसं असले कागद उचलत नसतात."

"मग काय करतात?"

"काय करणार? काहीतरी निमित्त काढून..."

वेर्नाची नजर मांडणीवरच्या मर्विनच्या रायफलीवर गेली. मर्विननं घराबाहेर काढलेली बंदूक तीनदा निरोप ठेवून परत न्यायला तिनंच सांगितलं होतं.

ओपल दवाखान्यात परतली. दुपारी मर्विन आला. "न्यायला आलोय," म्हणाला. गल्ल्यापाशी लायल नावाचं गिऱ्हाईक काडतुसं निवडत होतं. वेर्नानं मर्विनला मागच्या खोलीत नेलं आणि पत्रकात लिहिलं होतं तसं थेट विचारलं.

"मर्विन, जीव द्यायचं मनात येतं का रे?"

त्यानं टोपीची कड चाचपली.

"सकाळी येतं," तो म्हणाला. "कॉफी अजून दोघांची होते. अर्धी ओतून द्यावी लागते."

"मला कळलं नाही रे. गाढव मी." तिला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही.

"दुरुस्त झाली का ती?"

"नाही झाली. एक भाग मागवावा लागेल."

"किती दिवस लागतील?"

"वसंतापर्यंत तरी येत नाही."

त्यानं मान हलवली आणि निघून गेला. आपण त्याला एकट्याला जाऊ दिलं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती. तिनं घाईघाईनं कोट चढवला, किल्ल्या हाती लागेनात. तेवढ्यात गाडी परत आली. मर्विननं घोंगडीत गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर आणि आर्लिसची छोटी बंदूक गल्ल्यावर ठेवली.

"यांचाही खटका अडकतो."

वेर्नानं दोन्हींना दुरुस्तीच्या चिठ्ठ्या बांधल्या. "चल, ओपलकडे सोडते तुला. कॉफी तिच्याकडेही असते."

लायलनं वर पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय मर्विन, कसं काय?"

मर्विन दारात थांबला.

"बरं नाही चाललेलं," तो म्हणाला.

लायलनं काडतुसांचा डबा खाली ठेवला. "थांब," तो म्हणाला, "मीही येतो."